डाग न ठेवणारी गळती

आपल्याकडे मोटारसायकलची तब्येत फरशीवर वाचायची रीत आहे. सकाळी गाडी बाहेर काढली की ती रात्रभर जिथे उभी होती त्या जागेवर एक नजर टाकायची. काळा डाग दिसला तर तेल, उग्र वास आला तर पेट्रोल, काहीच नसलं तर किक मारून निघायचं. बुलेट, राजदूत, स्प्लेंडर अशा हवेवर थंड होणाऱ्या गाड्यांनी दोन-तीन पिढ्यांना ही रीत शिकवली आणि त्या गाड्यांपुरती ती पुरेशीही होती. त्यांच्या इंजिनातून बाहेर पडण्यासारखे द्रव दोनच, आणि दोन्ही आपला माग सोडून जाणारे.

लिक्विड-कूल्ड इंजिनातलं कूलंट असा माग सोडत नाही. तापलेल्या सिलिंडरवर पडलेला थेंब जमिनीपर्यंत पोचण्याआधीच वाफ होऊन जातो. मागे राहते ती वाळलेल्या खारासारखी एक फिकट रेघ, हिरवट किंवा गुलाबी, आणि तीही धूळ बसली की दिसेनाशी होते. जी गळती इंजिनाच्या पाठीमागे, फॅनच्या झोतात किंवा थेट सिलिंडरच्या आत होते तिचा एवढाही पुरावा उरत नाही. फरशी कोरडी असते, मालक निश्चिंत असतो आणि रेडिएटरमधली पातळी रोज थोडी खाली जात असते.

हे आता लिहावंसं वाटण्याला कारण आहे. सर्वसामान्य तरुणाच्या आवाक्यातली लिक्विड-कूल्ड मोटारसायकल आपल्याकडे आली ती २००८ सालच्या यामाहा आर१५ पासून. २०११ मध्ये होंडाची सीबीआर २५०आर आली. २०१२ मध्ये आपल्या चाकणच्या कारखान्यातून केटीएम ड्यूक २०० बाहेर पडली आणि त्याच वर्षी बजाजची पल्सर २००एनएस. ही पहिली पिढी आता दशकाच्या पलीकडे गेली आहे. यातल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आहेत आणि तो मालक बहुधा कॉलेजातला मुलगा आहे, ज्याने साठवलेल्या पैशांतून ती घेतली आहे. रबराचे होज, ओ-रिंगा, पंपाचं सील, झाकणातली स्प्रिंग या वस्तू किलोमीटरने जितक्या म्हाताऱ्या होतात तितक्याच नुसत्या वर्षांनीही होतात. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली म्हणून त्यांचं वय थांबत नाही. ही सगळी दुखणी आता गावोगावी एकाच सुमारास वर येणार आहेत, आणि ज्या गॅरेजांत त्या गाड्या जातील तिथल्या पुष्कळ हातांना अजून हवेच्या इंजिनाचीच सवय आहे.

मोटारसायकलच्या बाबतीत ही गोष्ट मोटारीपेक्षा गंभीर का, हे साध्या हिशेबात कळतं. मोटारीत पाच-सहा लिटर कूलंट असतं. या लहान एका सिलिंडरच्या गाड्यांत ते सगळं मिळून एक लिटरच्या आसपास. मोटारीतून शंभर मिलिलिटर कमी झालं तर काही बिघडत नाही. इथे तेवढ्यात दहावा हिस्सा जातो. चहाचा एक कप रिकामा झाला की पंप हवा ओढायला लागू शकतो. पंपाने हवा ओढली की फेरा तुटतो, आणि फेरा तुटला की सिलिंडरच्या डोक्याशी असलेलं पाणी जागच्या जागी उकळतं. ॲल्युमिनियमचं हेड तेवढ्यात वाकतं, गॅस्केट उडते, नशीब वाईट असेल तर पिस्टन पकडतो. गळतीला चार महिने लागले असतील, पण या शेवटच्या भागाला घाटातली चार मिनिटं पुरतात.

त्यात तापमानाचा काटा खरं सांगेलच असं नाही, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. तापमान मोजणारा सेन्सर द्रवात बुडलेला असेल तरच त्याचं मोजमाप खरं. तो साधारणपणे वरच्या बाजूला, हेडपाशी किंवा थर्मोस्टॅटजवळ बसवलेला असतो. पातळी खाली गेली की सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो. मग तो हवेचं आणि वाफेचं तापमान मोजत बसतो, आणि आतला धातू भाजत असताना डॅशबोर्डवर निम्म्याच रेघा दिसतात. फॅनही याच सेन्सरच्या शब्दावर चालू होणारा. तोही गप्प राहतो. ‘गाडी गरमच झाली नव्हती, अचानक बंद पडली’ असं सांगणाऱ्या माणसाला खोटं ठरवू नये. त्याने जे पाहिलं तेच तो सांगत असतो.

माझी गाडी बारा वर्षांची. मी तिचा तिसरा मालक. घेतल्यावर दोन महिन्यांत लक्षात आलं की राखीव बाटलीतली पातळी खालच्या खुणेपर्यंत येते. मी कूलंट टाकलं. तीन आठवड्यांनी पुन्हा टाकलं. हे मी जवळजवळ चार महिने करत राहिलो, आणि आज मला सगळ्यात जास्त चुकलं असं वाटतं ते इथे. टाकलेला प्रत्येक घोट दुखणं पुढे ढकलत होता आणि पुरावा पुसत होता. किती गेलं, किती दिवसांत गेलं, शहरात गेलं की लांबच्या प्रवासात, यातलं काहीच मला सांगता आलं नसतं. तपास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो मी वही केली तेव्हा. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाटलीवर पेनाने रेघ मारायची, तारीख आणि किलोमीटर लिहायचे, आणि भरायचं झालंच तर औषधाच्या मापाने मोजून. तीन नोंदींत एक विचित्र गोष्ट समोर आली. महाबळेश्वरला जाऊन आलो त्या आठवड्यात जवळपास काहीच कमी झालं नव्हतं. गाडी नुसती उभी होती त्या आठवड्यात पन्नास मिलिलिटर गेलं होतं.

ही नोंद समजायची तर यंत्रणा थोडी समजून घ्यावी लागते. पाणी आणि एथिलीन ग्लायकॉल यांचं साधारण निम्मं-निम्मं मिश्रण इंजिनाच्या भिंतींतून फिरतं, उष्णता घेतं आणि रेडिएटरमध्ये सोडून परत येतं. हा सगळा मार्ग दाबाखाली असतो. बऱ्याच मोटारसायकलींच्या रेडिएटरच्या झाकणावर १.१ असा आकडा असतो, म्हणजे १.१ बारपर्यंतचा दाब ते झाकण धरून ठेवतं. दाब वाढला की उत्कलनबिंदू वाढतो. उघड्या भांड्यात शंभर अंशांवर उकळणारं पाणी या दाबाखाली १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉलचं मिश्रण त्याहीपुढे जातं. तेव्हा झाकण हा रेडिएटरचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग असला तरी इंजिनाची पंधरा-वीस अंशांची सुरक्षितता त्याच्या रबरावर उभी असते. आपल्याकडची कितीतरी मुलं दर वर्षी गाड्या घेऊन लडाखला जातात. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. तिथे उघडं पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. झाकणाची स्प्रिंग सैल असेल तर पुण्यात न जाणवलेला दोष तिथल्या पहिल्या खिंडीत जाणवतो.

झाकणाचं काम एवढ्यावर संपत नाही. कूलंट तापून प्रसरण पावलं की जास्तीचं ते राखीव बाटलीत सोडतं, आणि इंजिन थंड होताना आत पोकळी निर्माण झाली की तेच कूलंट झाकणातल्या दुसऱ्या, उलट्या झडपेतून परत ओढून घेतलं जातं. ही उलटी झडप चिकटली, किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर पडली, तर जाणं चालू राहतं आणि येणं थांबतं. अशा वेळी बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं चित्र दिसतं. म्हणून नुसती बाटली बघून ‘कूलंट आहे’ म्हणणं पुरेसं नाही. इंजिन रात्रभर थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडून आत बघावं लागतं. कूलंट मानेपर्यंत दिसलं पाहिजे. गरम असताना मात्र ते झाकण कुणीही, कधीही, कसल्याही घाईत उघडू नये. दाब सुटला की आतलं शंभरच्या पुढचं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन उसळतं, आणि उघडणाऱ्याचा चेहरा बरोबर त्याच्यावर वाकलेला असतो.

माझ्या गाडीचं झाकण मी बदललं. फरक पडला नाही. मग एका गॅरेजमध्ये दाबाची चाचणी करून घेतली. झाकणाच्या जागी काटा असलेला हातपंप बसवतात, झाकणावर लिहिलेल्या आकड्यापलीकडे न जाता हवा भरतात आणि काटा उतरतो का ते पाहतात. गाडी चालवत तिथे गेलो होतो, अर्धा-पाऊण तास थांबलो, इंजिन कोमट झालं होतं. एक बार दाब भरला, वीस मिनिटं काटा हलला नाही. ‘गळती नाही,’ असं मेकॅनिक म्हणाला. त्याच्या परीने तो प्रामाणिक होता. चाचणी बरोबर होती, वेळ चुकीची होती.

काही गळत्या फक्त तापल्यावर होतात: हेडला गेलेली बारीक चीर, झाकणाचा कमजोर दाब, रेडिएटरच्या नळीला खडी लागून पडलेलं सुईएवढं छिद्र. काही मात्र फक्त गार असताना होतात. होजच्या आत ॲल्युमिनियमची मान असते. इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, रबर मऊ होतं, आणि दोन्ही एकमेकांना घट्ट धरतात. रात्री धातू आकसतो, म्हातारं रबर ताठ होतं आणि क्लिपखाली केसाएवढी फट उरते. डिसेंबरातल्या पहाटे त्या फटीतून पाझर सुरू होतो. गाडी चालू केली, दोन किलोमीटर गेली की बंद. गरम गाडीची कितीही तपासणी केली तरी तो हाती लागत नाही. माझ्या वहीतली ती विचित्र नोंद नेमकी हेच सांगत होती. चाललेल्या आठवड्यापेक्षा उभ्या आठवड्यात गळती जास्त होती.

मग हातपंप मी मागून आणला आणि चाचणी घरी, पहाटे सहाला केली. त्याच्या आदल्या दिवशी एक काम केलं होतं, आणि माझ्या मते सगळ्या तपासात ते सगळ्यात मोलाचं आहे: गाडी धुतली. नुसती पाणी मारून नाही. इंजिनाखालचं फायबरचं कवच काढलं, पंपाच्या आजूबाजूची तेलकट माती ब्रशने काढली, सगळं फडक्याने कोरडं केलं आणि प्रत्येक जोडावर टाल्कम पावडर भुरभुरली. घाणीवर ओल दिसत नाही, पावडरवर लगेच दिसते. ते कवच काढल्यावरच फरशी इतके दिवस कोरडी का होती तेही कळलं. त्याच्या खोलगट भागात बोटभर चिखल साचला होता आणि तो चिखल गोडसर वासाचा होता. रात्रीचा सगळा पाझर तो टिपून घेत होता, आणि दिवसा इंजिनाच्या धगीने पुन्हा वाळत होता.

पहाटे एक बार दाब भरला. पंधरा मिनिटांत काटा ०.८ वर आला. थेंब कुठेच दिसेना. बॅटरी आणि आरसा घेऊन पाहिलं तर वॉटर पंपाकडे येणाऱ्या खालच्या होजच्या मागच्या बाजूला, जिथे सरळ नजर जात नाही तिथे, पावडर ओली होऊन तिचा लगदा झाला होता. क्लिप आवळली तर पाझर कमी झाला, थांबला नाही. क्लिप आवळत राहणं ही अशा वेळची नेहमीची चूक. जुन्या होजवर क्लिपचं पातं रुततं आणि गळतीच्या जागी फाट तयार होते. होज काढला. आतली ॲल्युमिनियमची मान पांढऱ्या भुकटीने खरवडल्यासारखी झाली होती. नखाला खड्डे लागत होते. नवा होज आणून बसवला असता तरी त्या खड्ड्यांवरून पाणी वाट काढतच राहिलं असतं.

ती पांढरी भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. तो का आला, याचं उत्तर गाडीच्या पूर्वायुष्यात होतं. आधीच्या मालकाने, कदाचित त्याच्याही आधीच्याने, कूलंटऐवजी नळाचं नाहीतर बोअरचं पाणी टाकलं असणार. काढलेल्या कूलंटला रंगच जेमतेम उरला होता. कूलंटमध्ये ग्लायकॉलइतकंच महत्त्व त्यातल्या गंजरोधक रसायनांना असतं. ती धातूवर बारीक थर धरतात, आणि काही वर्षांनी संपतात. म्हणून गळती नसली तरी कूलंट ठरावीक मुदतीने, कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल तेव्हा, बदलायचं असतं. साधं पाणी टाकत गेलं की ती आणखी पातळ होत जातात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमधलं बोअरचं पाणी तर बहुतेक ठिकाणी जड. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. म्हणजे गळती आहे म्हणून पाणी टाकायचं, पाण्याने धातू खायचा, खाल्लेल्या धातूतून गळती वाढायची आणि तिच्यावर पुन्हा पाणी. रस्त्यात अडकलं, जवळ दुसरं काही नाही, तर बाटलीतलं पाणी टाकून घर गाठावं. तेवढ्याने इंजिन मरत नाही. पण घरी पोचल्यावर ते काढून टाकायला विसरू नये. वर्षानुवर्षं आपण नेमकं हेच विसरत आलो आहोत. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन बॅटरीच्या दुकानात मिळतो आणि तो महाग नसतो.

हा विषय जगाला नवा नाही. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी १९०८ मध्ये पाण्यावर थंड होणारी मोटारसायकल बाजारात आणली होती. १९७१ मध्ये सुझुकीची जीटी७५० आली तेव्हा इंग्रज चालकांनी तिला ‘किटली’ हे नाव दिलं. त्या किटल्या आजही तिकडे नीट चालवल्या जातात, आणि त्या सांभाळणारे लोक होज, ओ-रिंगा आणि झाकण या गोष्टी ठरावीक वर्षांनी, गळायची वाट न पाहता बदलतात. आपल्याला ही सवय आता लावून घ्यावी लागेल. गाडीत काही बिघडलं नसताना तिच्यावर खर्च करणं आपल्या संस्कारात बसत नाही, हे मला माहीत आहे. माझ्याही बसत नव्हतं.

बाहेर शोधून काहीच सापडलं नाही, दाब तर उतरतो आहे, अशा वेळी आत बघावं लागतं. हेड गॅस्केटने दगा दिला की ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये घुसतो. गार इंजिनावर झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली तर पहिल्या मिनिटातच रेडिएटरच्या मानेत बुडबुड्यांची माळ दिसते. खात्री करायची तर एक निळा द्रव मिळतो. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि त्यात ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड असला की तो पिवळा पडतो. सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहणं ही दुसरी खूण. इंजिन ऑइल चहात दूध घातल्यासारखं दिसणं ही तिसरी, पण इथे सांभाळून. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तर हवेतली वाफ तेलाच्या झाकणाखाली साचून तशीच पिवळसर साय धरते. अर्धा-पाऊण तासाच्या सलग प्रवासानंतर ती जात असेल आणि खालचं तेल स्वच्छ असेल तर घाबरायचं कारण नाही. अशा सायीवर बोट ठेवून पूर्ण इंजिन उघडायला लावलेली उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि त्याच्या उलट, खरोखर दुधाळ झालेलं तेल ‘पावसामुळे’ म्हणून बदलून पुढे पाठवलेलीही.

गळतीचा विचार इंजिनापुरताच करणंही बरोबर नाही. ग्लायकॉल बुळबुळीत असतं. खालच्या होजमधून उडालेला शिंतोडा मागच्या टायरपर्यंत पोचायला फार अंतर नसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय मोटारसायकल शर्यतींच्या नियमांत कूलंट म्हणून ग्लायकॉलला परवानगी नाही. तिथे पाणी किंवा अल्कोहोल मिसळलेलं पाणीच चालतं. शिवाय ते विष आहे. चवीला गोड असल्यामुळे कुत्री ते चाटतात, आणि अगदी थोड्या प्रमाणानेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसालाही ते तितकंच घातक. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे रुग्ण दगावले, तेव्हा त्यात मिसळलेलं डायएथिलीन ग्लायकॉल हे याच कुळातलं रसायन होतं. काढलेलं कूलंट गॅरेजच्या दारातल्या गटारात ओतलेलं आपण सगळेच बघतो. निदान सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जिथे मुलं खेळतात आणि चार कुत्री गाड्यांखाली झोपतात, तिथे ते वाटीत उघडं ठेवू नये, आणि सांडलं तर भरपूर पाण्याने धुवावं.

आता वॉटर पंपाखालच्या एका भोकाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

वॉटर पंपाच्या दांड्यावर दोन सील असतात. एक कूलंटला अडवतं, दुसरं इंजिन ऑइलला. दोघांच्या मधे एक छोटी मोकळी जागा असते, आणि त्या जागेतून बाहेर, खालच्या अंगाला, एक बारीक भोक काढलेलं असतं. कारखान्यात ते मुद्दाम ठेवलेलं असतं. एखादं सील म्हातारं झालं की त्याने सोडलेला द्रव दुसऱ्या सीलपर्यंत न जाता या भोकातून बाहेर यावा, मालकाने तो पाहावा आणि पंप उघडावा, एवढाच त्याचा हेतू. भोकातून कूलंट आलं तर पाण्याचं सील गेलं, तेल आलं तर तेलाचं. अख्ख्या इंजिनात इतक्या सरळपणे निदान सांगणारी दुसरी जागा नाही. पण ज्याला हे माहीत नाही त्याला दिसतं ते एवढंच, की पंपाला भोक पडलंय आणि त्यातून गळतंय. मग तो ते बुजवतो. कधी चिखलानेही ते आपोआप बुजतं, म्हणून धुताना बारीक तारेने फार आत न जाता ते मोकळं करावं. बुजल्यावर गळती बाहेरून थांबते. कूलंटला मात्र एकच वाट उरते, तेलाच्या सीलमधून आत.

रेडिएटरमध्ये टाकायची ‘लीक बंद’ करणारी द्रव्यं याच विचारातून आलेली आहेत. त्यांतले कण गळतीच्या जागी साचतात हे खरं. पण गळतीची जागा कोणती आणि रेडिएटरची दोन-तीन मिलिमीटरची नळी कोणती, हे त्यांना कळत नाही. मोटारीच्या सहा लिटरांत जे कदाचित चालून जातं ते मोटारसायकलच्या एका लिटरात थर्मोस्टॅटवर आणि पंपाच्या सीलवर बसतं. मी ते कुणालाही सुचवणार नाही, वाटेत अडकलेल्यालाही नाही.

माझ्या गाडीच्या पंपाचं कव्हर त्या खड्डे पडलेल्या मानेसकट बदललं, होज नवे घातले, आतून दोनदा डिस्टिल्ड पाण्याने धुऊन नवं कूलंट भरलं आणि हवा काढली. पेनाची रेघ तीन महिने जागेवर आहे.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीतला एक मुलगा त्याची नवी घेतलेली जुनी गाडी दाखवायला घेऊन आला. दहा वर्षांची, दिसायला देखणी. घेऊन आठवडा झाला होता. ‘काका, एक थेंब गळत नाही बघा,’ तो म्हणाला. विकणाऱ्याने त्याला तसंच सांगितलं होतं. तेलाचंही कौतुक त्याने केलं. आठवड्यात तेल कमी व्हायच्या ऐवजी काचेत वरच्या खुणेच्याही वर दिसत होतं. मी खाली वाकून बॅटरी मारली. पंपाखालचं भोक करड्या लांबीने भरलेलं होतं, वरून काळा रंग मारून. गाडी चालू करू नकोस म्हणालो, ती रात्रभर तशीच उभी ठेवली. सकाळी खाली पसरट घमेलं ठेवून तेलाचा बोल्ट हळूहळू सैल केला. आधी ओंजळभर हिरवट पाणी आलं, आणि मग तेल.